परकं तेल

१

भिंगरी चढावर हरली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मिस्त्री चोर ठरला. बदनामीला पेट्रोल लागत नाही, ती आपोआप धावते.

झालं ते असं. डोंगरातल्या लांबच्या वस्त्यांवर मोटारसायकलवरून औषधपाणी पोचवणारी एक तुकडी होती. तीत एकच जागा रिकामी, आणि शेवटच्या चाचणीपर्यंत टिकल्या दोघीच: भिंगरी आणि तिची जिवाची मैत्रीण चिमणी. चाचणी म्हणजे छातीवर येणारा खडा चढ. चिमणी वर गेली. भिंगरी निम्म्यावर पोचली आणि इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. मूठ पिळावी तसा आवाज वाढत होता, पण गाडी पुढे सरकायला तयार नव्हती. मग ती मागे घसरली, आडवी झाली, आणि सगळ्यांदेखत भिंगरीला ती ढकलत खाली आणावी लागली. तुकडीच्या कप्तानाने इंजिनातला तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“क्लच घसरतोय. हे ऑइल या गाडीला चालणारं नाही. आणि आमच्याकडे ज्याची गाडी त्याची जबाबदारी.”

ऑइल बदललं होतं मिस्त्रीने, त्याच आठवड्यात. ज्या माणसाने भिंगरीला पाना धरायला शिकवलं, त्याच्या गॅरेजात जाऊन तिने चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं, “डब्याचं सांगून सुटं, गाळलेलं, कवडीमोल तेल ओतलंत माझ्या गाडीत!” मिस्त्री एवढंच म्हणाला, “मी चांगलं तेच घातलं होतं, पोरी,” आणि शटर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी कप्तानाने तुकडीच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडून काढून घेतल्या.

तेव्हा कुठे घरच्यांना आत्या आठवली.

आत्या जन्मभर विमा कंपनीत सर्वेयर होती. ठोकलेल्या, जळलेल्या, ‘चुकून’ नदीत गेलेल्या गाड्या बघायच्या आणि खरं काय झालं ते सांगायचं, हे तिचं काम. नातेवाईक तिला मागून सर्वेबाई म्हणत आणि समोर जरा जपूनच थापा मारत. भिंगरीचा रडवेला फोन आला तशी ती बॅग भरून निघाली. वाटेतच कप्तानाला फोन लावून तिने त्याच्याकडून शब्द घेतला: शनिवारपर्यंत गाडीत कोणी हात घातल्याचं दाखवलं तर फेरचाचणी, नाहीतर जागा चिमणीची.

फाटक ढकलून ती अंगणात आली, व्हरांडा ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तरी कोणाला चाहूल नाही. वहिनी ओट्याशी पाठमोरी होती.

“काय गं वहिनी, पाहुण्यांचं स्वागत पाठीने करतेस?”

“अगं बाई, वन्सं!” वहिनी केवढ्यांदा दचकली! मग तिने आत्याला घट्ट मिठी मारली, आणि आत्याला घरी आल्यासारखं वाटलं. खरं म्हणजे या घरात तिचं माणूस ते हेच. दादा सख्खा भाऊ असला तरी त्याच्याशी तिचं कधी पटलं नाही. आत्याला परगावी नोकरी लागली तेव्हा दादाने घर डोक्यावर घेतलं होतं. नवी नवरी म्हणून आलेल्या वहिनीनेच तिच्या हातात बॅग दिली होती, “जा हो तुम्ही, मी बघते इथलं” म्हणून. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींच्या वर.

दादा आतल्या खोलीत गालाला शेक देत बसला होता. गाल टम्म फुगलेला.

“दाढ काढली,” तो कापसाच्या बोळ्यातून बोलला. “आणि ऐक, मी आधीपासून सांगतोय, डोंगरात मरायला कशाला जायचं? एका परीने झालं ते बरंच झालं.”

“बाबा!” भिंगरी ओरडली. “आत्या, बघ ना. आई नसती तर मी या घरात वेडी झाले असते.”

वहिनीने चहाचे कप ठेवले आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. “तुमचं आपलं काहीतरीच,” ती नवऱ्याला म्हणाली. “आणि वन्सं, मला तर हा तपासबिपास नकोच वाटतो. एवढं महागाचं ऑइल ओतून गाडी बिघडवायची कोणाला हौस आलीय? मिस्त्रीचा हात चुकला असेल. जाऊ दे, सोडून द्या.”

“सोडायला मी काय साबण आहे?” आत्याने कप रिकामा केला आणि उठली.

गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी होती. आत्याने पिशवीतून जुना सोबती काढला, काठीला बांधलेला छोटा आरसा. जमिनीवर बसून तिने तो इंजिनाखाली सरकवला आणि टॉर्च मारला. तेल सोडायचा बोल्ट असतो, तो आवळून झाला की मिस्त्री त्याच्यावरून इंजिनापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. बोल्ट जरा जरी सैल झाला तर रेघ मोडते आणि लगेच कळतं. सुट्टीला आली की आत्याची स्कूटर वर्षानुवर्षं त्याच हातून जायची. ती रेघ तिला पाठ होती.

रेघ मोडलेली होती. अर्धी इंजिनावर, अर्धी बोल्टवर, आणि दोन्ही अर्ध्या एकमेकींकडे पाठ करून.

“भिंगरे,” आत्या तिथूनच म्हणाली, “मिस्त्रीनंतर हा बोल्ट कोणीतरी उघडलाय.”

२

मिस्त्रीचं शटर गुडघ्याएवढंच उघडं होतं. आत्या वाकून आत शिरली. तो स्टुलावर बसून तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.

“तुम्हीपण चौकशीला आलात, बाई?”

“आधी आमच्या पोरीच्या वतीने माफी मागायला आलेय. चौकशी मग.” तिने खिशातून एक बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. “हे गाडीतून आत्ता काढलं. तुम्ही घातलेलं हेच का?”

त्याने उजेडात धरलं, हलवलं. “रंगावरून काय सांगू? क्लच घसरून जळला की सगळीच तेलं काळवंडतात. मी साधं मिनरल घातलं होतं, सील फोडून. इंजिन नुकतं खोललेलं, पिस्टनच्या रिंगा नव्या. नव्या रिंगा बसेपर्यंत साधंच बरं.”

“आजकाल तसं कोणी मानत नाही, मिस्त्री. पहिल्या दिवसापासून सिंथेटिक घालतात.”

“घालू देत. माझ्या हाताखालची गाडी, माझं मत.” मोडक्या मनाच्या माणसालाही वादाने तरतरी येते; तो सरसावून बसला. “सिंथेटिक वाईट नाही हो. थंडीत गोठत नाही, उन्हात फाटत नाही, जास्त दिवस चालतं. डोंगरावर तेच पाहिजे. पण ते निवड झाल्यावर, रिंगा बसल्यावर! भिंगरी हट्ट धरून बसली होती, मी तिला पटवलं. आधी साधं, मग सिंथेटिक, असं आमचं ठरलं होतं. घरी सगळ्यांना माहीत आहे.”

“तुमचा तोच डबा शिल्लक आहे?”

“तळाशी थोडं आहे.”

“द्या. आणि शेजारच्या आइस्क्रीमवाल्याशी तुमचं कसं काय?”

आइस्क्रीमवाल्याने कपाळावर आठ्या चढवल्या, पण सर्वेबाईला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. “त्यावर नाव तरी लिहा, बाई,” तो कुरकुरला. “कोणी चॉकलेट समजून वर ओतलं म्हणजे?” दोन बाटल्या त्याच्या फ्रीजरमध्ये तळाशी गेल्या: एक मिस्त्रीच्या डब्यातली, एक भिंगरीच्या गाडीतली. तोवर मिस्त्रीने गाडी आणवून क्लच खोलायला घेतला.

उन्हं उतरल्यावर आत्याने बाटल्या काढल्या आणि तिरप्या धरल्या. मिस्त्रीच्या डब्यातलं तेल काकवीसारखं घट्ट होऊन तळाशी बसलं होतं, हलायला तयार नाही. गाडीतलं तेल मात्र पाण्यासारखं सरसर या टोकाचं त्या टोकाला गेलं.

“साधं नाहीच हे,” मिस्त्री कुजबुजला. “फुल सिंथेटिक आहे.”

“आणि क्लच?”

त्याने प्लेटा पुढे केल्या. काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. “मोटारसायकलच्या सिंथेटिकने असं होत नाही. आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून आपलं तेल वेगळं. कारचा क्लच कोरडा, त्यामुळे कारच्या तेलात निसरडेपणाचा माल ठासून भरतात. ते इथे घातलं की सपाटीवर काही कळत नाही, चढावर मात्र प्लेटा एकमेकींवरून घसरतात.”

म्हणजे साधं की सिंथेटिक, हा वादच नव्हता. गावभर मिस्त्रीच्या सुट्या तेलावर चर्चा चालली होती, आणि गाडीत होतं कारसाठीचं उंची तेल. हे काम चुकीने होत नसतं. ते तेल काय करेल हे माहीत असलेल्या माणसाचं हे काम होतं.

“बाई,” मिस्त्री हात पुसत, नजर चुकवत म्हणाला, “चिमणी कुठे कामाला आहे, माहीत आहे ना तुम्हाला?”

३

चिमणी कारच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होती. तिच्या डोक्यामागे फळीवर कारच्या ऑइलचे डबे रांगेने उभे होते, आणि चाचणीच्या आदल्या रात्री ती भिंगरीच्याच घरी झोपायला होती. याहून सोयीचा आरोपी मागून मिळाला नसता. आत्याला सोयीचे आरोपी आवडत नसत.

“तुम्ही येणार हे माहीतच होतं,” चिमणी म्हणाली. डोळे सुजलेले. “कप्तान विचारून गेले, दुकानाचे मालक विचारून गेले. भिंगरीने माझा फोन उचलणंच बंद केलंय. तिची गाडी बिघडली म्हणून मिळालेली जागा मला कशाला हवी? मी ती घेणारच नाहीये.”

“रडू नकोस. काउंटरवर गिऱ्हाईक घाबरतं. आदल्या दिवशी काय काय झालं तेवढं सांग.”

“सकाळी दोघींनी सराव केला. गाडी मस्त ओढत होती, भिंगरी त्याच चढावर दोनदा जाऊन आली. मग गाडी शेडमध्ये लावली. दुपारी दोघी माझ्या गाडीवरून कप्तानांकडे कागद द्यायला गेलो, ते थेट संध्याकाळी आलो. मग जेवलो, आणि भिंगरीच्या खोलीत गप्पा मारत झोपलो. सकाळी सोबतच निघालो.”

“रात्री तू एकटी उठली होतीस?”

“हो म्हटलं तर अडकणार, नाही म्हटलं तर खोटं. पाणी प्यायला उठले होते.”

आत्याला हसू आलं. खोटं बोलणारं माणूस असं उत्तर देत नाही. “बरं. काही वेगळं दिसलं, ऐकलं? कितीही क्षुल्लक.”

चिमणीने विचार केला. “हसाल तुम्ही. त्यांच्या फाटकाचा आवाज माहीत आहे ना, डुक्कर कापल्यासारखा? दुपारी आम्ही निघालो तेव्हा ते असं किंचाळलं की मी कान झाकले. संध्याकाळी आलो तर गप्प! लोण्यासारखं उघडलं. मी भिंगरीला म्हटलं, शुभशकुन आहे बघ. कसला शकुन आणि कसलं काय.”

आत्या हसली नाही. डोक्यात काहीतरी खटकलं, पण हाताला लागेना.

ती वळली तेव्हा चिमणी चाचरत म्हणाली, “आत्या, एक सांगू? मालक म्हणाले होते बोलू नकोस. कारचं फुल सिंथेटिक आमच्याकडून या महिन्यात तुमच्या घरी गेलंय. भिंगरीचे बाबा घेऊन गेले.”

४

दादा शेडमधल्या फळीसमोर उभा होता आणि त्याचा चेहरा सुजेपलीकडे लाल झाला होता. आत्याने डबा उचलून त्याच्या हातात दिला. झाकण नीट फिरवून बसवलेला, जागच्या जागी ठेवलेला, आणि पिसासारखा हलका.

“भरलेला होता!” दादा म्हणाला. “कारची सर्व्हिसिंग व्हायचीय अजून. कोणी ओतलं हे?”

“तेच तर विचारतेय. या घरात भिंगरीने जाऊ नये असं उघड कोण म्हणत होतं?”

दादाला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग त्याने डबा भिरकावला. “मी? माझ्या पोरीच्या गाडीत? अगं, मी दारात उभा राहून ओरडणारा माणूस! मला अडवायचीच असती तर तिची किल्ली विहिरीत टाकली असती आणि वर सांगितलं असतं, हो, टाकली, काय करायचं ते कर! तुझ्या वेळी नाही का तुझं तिकीट तोंडावर फाडलं?”

“फाडलं होतंस,” आत्या म्हणाली. ती गोष्ट तिने कधी माफ केली नव्हती, पण आज तीच त्याची साक्षीदार निघाली. दादाचा विरोध गावाला ऐकू जायचा. चोरपावलांनी काही करणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि शेडमध्ये तेलाचा एक डागही नव्हता; सांडलेलं पुसून काढणं तर त्याच्या स्वभावात त्याहून नव्हतं. कारचं जुनं ऑइल तो खुशाल गटारात ओतून शेजाऱ्यांच्या शिव्या खायचा.

“आदल्या दुपारी होतास कुठे?”

“खुर्चीत! तोंड उघडून! दाढेचं मूळ वाकडं निघालं, दुपारभर त्या दंतवैद्याने माझ्या जबड्यात विहीर खणली. पोरींच्या आधी निघालो आणि त्या परतल्यावर आलो. विचार त्याला!”

आत्याने खरंच विचारलं. दंतवैद्य म्हणाला, अख्ख्या वेळात पेशंटने दम फक्त शिव्या द्यायला घेतला.

परतताना ती फाटकाशी थांबली. दमली होती. मिस्त्री नाही, चिमणी नाही, दादा नाही. तिने बिजागरीला खांदा टेकला, आणि सरळ झाली तेव्हा बाहीवर मधाच्या रंगाचा डाग उठला होता. तिने बोटाने चोळून पाहिलं, वास घेतला. ताजं, स्वच्छ, इंजिनाचं तेल.

मग जे हाताला लागत नव्हतं ते लागलं. गाडीत नवं तेल ओतायचं म्हणजे मिस्त्रीचं आधी काढावं लागणार. चांगलं, जेमतेम वापरलेलं तेल. दादाने ते गटारात ओतलं असतं, चिमणीने रस्त्याकडेला. पण कोणीतरी ते फेकलं नव्हतं. कोणाला तरी ते फेकवलं नव्हतं. दुपारी फाटक ओरडत होतं, संध्याकाळी गप्प होतं, आणि मधल्या वेळात दोन्ही पोरी कप्तानाकडे होत्या आणि दादा खुर्चीत.

साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून नवी वडी करणारं, दोऱ्याचं टोकसुद्धा जपून ठेवणारं माणूस या घरात एकच होतं. तिच्याच वडिलांचा ट्रक होता, इंजिनं आणि तेलं तिला लहानपणापासून ठाऊक, आणि लग्नानंतर पहिल्याच फेरफटक्यात दादाच्या कारचं चाक नव्या कपड्यांत तिनेच बदललं होतं. सगळे अजून त्यावरून दादाची थट्टा करत.

आत्या बिजागरीला धरून तशीच उभी राहिली. नाही, ती स्वतःशी म्हणाली. काहीही असो, हे नसो.

५

वहिनी खिडकीपाशी शिलाई मशीनवर भिंगरीच्या जॅकेटचं अस्तर शिवत होती. डोंगरात थंडी असते म्हणून.

“वहिनी,” आत्याने बॅग ओढत आणली, “या चाकाने डोकं उठवलंय. थोडं तेल असेल का गं?”

“आहे की!” वहिनीने कधी कोणाला नाही म्हटलं होतं? तिने मशीनखालचा खण ओढला आणि झाकणाची काचेची बरणी पुढे केली. मग तिचा हात मध्येच थांबला, पण तोवर बरणी आत्याच्या हातात होती.

मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ आणि नितळ असतं. हे मधासारखं दाट होतं, आणि बरणी गळ्यापर्यंत भरलेली. एवढ्या तेलात गावभरच्या मशीनी चालल्या असत्या.

“हे आइस्क्रीमवाल्याकडे ठेवायला नको ना, वहिनी?” आत्याने विचारलं. “ठेवलं तर काकवीसारखं घट्ट होईल. मिस्त्रीच्या डब्यातलं झालं तसं.”

मशीनची सुई अस्तरात रुतलेली राहिली.

“पहिल्याच दिवशी तू बोलून गेलीस, महागाचं ऑइल. तेव्हा भिंगरीपासून कप्तानापर्यंत सगळे म्हणत होते, सुटं, कवडीमोल. महागाचं आहे हे ओतणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? मी ऐकलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं असतं तर तिथेच धरलं असतं. तुझं होतं म्हणून सोडलं.”

“वन्सं...”

“पडली ती! आडवी झाली गाडी! दरीत गेली असती तर?”

“तिथे दरी नाही,” वहिनी हळूच म्हणाली. “मी आधी बघून आले होते. ती सरावाला गेली तेव्हा तिला जेवणाचा डबा द्यायला म्हणून गेले. दोन्ही बाजूंना गवत आहे.”

आत्याने बरणी खाली ठेवली. रागाच्या भरात केलं, क्षणभर बुद्धी फिरली, असं काहीतरी ती ऐकायला तयार होती. लेकीच्या हातात डबा देताना ही बाई ती कुठे पडेल ते बघत होती.

“मला सरळ सांगायचंस,” ती कशीबशी म्हणाली. “तिला सांगायचंस.”

“काय सांगू? या घरात नाही म्हणायचं काम यांनी घेतलं. माझ्या वाट्याला हो उरलं. पोर माझ्या कुशीत शिरते ती त्या होसाठी. एकदा मी नाही म्हटलं असतं तर यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?” वहिनीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. “आणि हो म्हणून ती गेली की या घरात माझ्याशी बोलायला कोण? हे बोलत नाहीत, ओरडतात. वाटलं, या वेळी होईल नापास. रडेल. मी जवळ घेईन. पुढे लग्न, नोकरी, काहीतरी गावातच होईल.”

“आणि मिस्त्री? तो शटर लावून अंधारात बसलाय. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तू इथे अस्तर शिवतेस! भिंगरी त्याला चोर म्हणाली तेव्हा तू कुठे होतीस?”

“इथेच. तिच्यासाठी चहा करत होते.”

वहिनीने आत्याचा हात धरला. “वन्सं, रेघ मोडली एवढंच सांगा कप्तानाला. कोणी मोडली ते कळलं नाही म्हणा. आपल्या दोघींत राहू दे. आजवर किती गोष्टी राहिल्यात.”

आत्याने त्या हाताकडे पाहिलं. याच हाताने बॅग दिली होती. तिला अगदी मनापासून हो म्हणावंसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला शिसारी आली.

“कोणी ते कळलं नाही म्हटलं तर सगळे चिमणीकडे बोट दाखवतील. मिस्त्री आहेच. केसाने गळा कापायचा तो किती जणांचा, वहिनी?” तिने हात सोडवून घेतला. “भिंगरी यायची वेळ झाली. तू सांगतेस की मी सांगू?”

६

वहिनीने स्वतःच सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याने, काही न लपवता. एवढं माप तिच्या पदरात घालायला हवं. दादा दारात येऊन थांबला होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मध्ये तोडलं नाही.

भिंगरी हेल्मेट हातात धरून ऐकत होती. आत्याला वाटलं ती ओरडेल, भांडी फेकेल. तिने तसं काहीच केलं नाही.

“मिस्त्रीकाकांना मी काय काय बोलले,” ती म्हणाली. “चिमणीचा फोन उचलला नाही. आणि रोज तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते. तुझ्याच!”

“चुकलं गं माझं.”

“आई, तू एकदा जाऊ नकोस म्हणाली असतीस ना, तर मी थांबले असते. बाबांचं नाही ऐकलं, तुझं ऐकलं असतं. कारण तू कधी म्हणतच नव्हतीस.”

वहिनीने ओट्याचा कठडा धरला. “मग आता म्हणते,” ती म्हणाली. “जाऊ नकोस, राणी. मला एकटीला करमणार नाही.”

खरं बोलली होती. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. भिंगरीच्या चेहऱ्यावर काहीतरी लटपटलं, आणि आत्याला क्षणभर वाटलं, ही राहणार. पण पोरीने मान वळवून दाराकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही काय म्हणता?”

दादाने बायकोकडे पाहिलं नाही. “जा,” तो म्हणाला. “फेरचाचणीला मी येतो सोबत. आधी मिस्त्रीकडे जाऊ. माफी मागायची म्हणजे मोठं माणूस बरोबर असलेलं बरं.”

बापलेक निघून गेले. आत्याने कप्तानाला फोन लावला आणि जे होतं ते नावानिशी सांगितलं. फेरचाचणीचा दिवस सांगून त्याने फोन ठेवला.

वहिनी मशीनपाशी जाऊन बसली होती. जॅकेट पुढ्यात, पण हात चालत नव्हते.

आत्याने बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. तिला विचारायचं नव्हतं. उत्तर काहीही आलं तरी लागणारच होतं. पण सर्वेबाईचं तोंड कधी बंद राहिलं होतं?

“वहिनी, मला तू जा म्हणालीस. बॅग हातात दिलीस. ते तरी मनापासून होतं का गं?”

वहिनीने वर पाहिलं.

“ते होतं, वन्सं,” ती म्हणाली. “तेव्हा माहीत नव्हतं ना, माणूस गेल्यावर घर कसं होतं ते.”